चोखोबांच्या समाधीपासून गावच्या विहिरीपर्यंत

माउली, पंढरीत नामदेव पायरीवर माथा टेकवताना समोरच चोखोबांची समाधी दिसते. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी महाद्वारी आणल्या. संतांनी त्यांना आपले मानले, पण त्यांच्या समाजाला मंदिराची दारे पुढे जवळजवळ सहाशे वर्षे बंदच राहिली.

ती उघडावीत म्हणून १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभले. मंदिर खुले करण्याचे ठरले, तेव्हाच ते सुटले. एवढे आपण कीर्तनात ऐकतो. पण त्याआधी काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले होते, हे विसरतो. त्या दौऱ्यात कुठे विहीर खुली झाली, कुठे देऊळ. अशा प्रत्येक गावी कुणीतरी आधी पुढे होऊन 'या, घागर भरा' म्हटले असणार. त्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. पण पंढरीचे दार उघडण्याआधी ही लहान दारे उघडली होती.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, जात विचारत नाही. खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. आपल्या सप्ताहाच्या पंगतीत कोण कुठे बसतो? विण्याचा पहारा कुणाकुणाला मिळतो? स्वयंपाकाला कुणाचे हात चालतात?

माउली, चोखोबांच्या समाधीला लावलेला हात गावात एका तरी बंद दाराची कडी काढो. तीही वारीच आहे.

राम कृष्ण हरी.