हँकॉकचे फिनिश अभिलेखागार आणि खाणकामगारांची बोली

मिशिगन राज्याच्या उत्तरेस, सुपीरियर सरोवरात शिरलेल्या द्वीपकल्पावर हँकॉक हे लहानसे गाव वसले आहे. तेथील तांब्याच्या खाणींत इ. स. १८६० नंतरच्या दशकात फिनिश मजुरांची पहिली तुकडी आली, ती फिनलंडमधून नव्हे, उत्तर नॉर्वेतून. पुढे ल्यूथरपंथीय सुओमी सिनडने इ. स. १८९६ मध्ये येथे सुओमी कॉलेज स्थापन केले. धर्मोपदेशक तयार करणे हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. याच संस्थेत १९३२ मध्ये फिनिश-अमेरिकन ऐतिहासिक अभिलेखागार सुरू झाले, आणि १९९० मध्ये एका जुन्या रोमन कॅथलिक चर्चच्या वास्तूत वारसा-केंद्र उघडण्यात आले.

या संग्रहाचे मोल ठरविताना त्याचे जन्मस्थान दृष्टीआड करून चालणार नाही. तेथील फिनिश समाज दुभंगलेला होता. एका बाजूस चर्च, तर दुसऱ्या बाजूस समाजवादी कामगारांचे सभागृह. कामगारांचे ‘त्युओमिएस’ हे पत्र १९०४ मध्ये हँकॉकला आले व १९१४ मध्ये विस्कॉन्सिनमधील सुपीरियर येथे गेले. त्या दोन सालांच्या दरम्यानच १९१३ चा खाणसंप झाला. त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येस शेजारच्या कॅल्युमेट येथे, संपकऱ्यांच्या मुलांच्या मेळाव्यात कोणीतरी आगीची खोटी हाकाटी केली व चेंगराचेंगरीत ७३ जीव गेले. त्यांत बहुसंख्य फिनिश होते. चर्चच्या संस्थेत वाढलेल्या दप्तरखान्यात या दुसऱ्या पक्षाचा आवाज प्रारंभी क्षीण असावा, यात नवल नाही. १९७० नंतरच्या दशकात कॉलेजाने वृद्ध रहिवाशांच्या ज्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्यांचे महत्त्व म्हणूनच विशेष आहे.

भाषेच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. फिनिश शब्द सहसा स्वरान्त असतो. व्यंजनान्त झालाच तर मोजक्याच व्यंजनांनी संपतो. त्यामुळे इंग्रजी ‘हॉल’चे ‘हाली’ झाले, ‘कार’ची ‘कारा’ झाली, आणि ‘मायनर’ला फिनिश प्रत्ययाचा साज चढून ‘मायनारी’ हा शब्द रूढ झाला. सुशिक्षितांनी या मिश्र बोलीस भ्रष्ट मानले. वस्तुतः तिचे नियम पक्के होते. आज हँकॉकच्या रस्त्यांवर इंग्रजीबरोबर फिनिश नामफलक दिसतात. ते सुखद असले, तरी त्यांवरील भाषा प्रमाण फिनिश आहे, खाणीतील नव्हे.

सन २००० मध्ये फिनलँडिया विद्यापीठ हे नाव धारण केलेली ती संस्था २०२३ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी फिनलँडिया फाउंडेशन नॅशनल या संस्थेने केंद्र व अभिलेखागार आपल्याकडे घेतले, आणि कागदपत्रे हँकॉकमध्येच राहिली.