हॅम्लेट आणि स्पॅनिशमधील ‘असणे’

हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताचा आरंभ ज्या इंग्रजी क्रियापदाने होतो, ते ‘टु बी’ अस्तित्व, ओळख आणि अवस्था अशी तिन्ही सांगते. मराठीत आपण ‘असणे’वर भागवतो, स्पॅनिशमध्ये मात्र ही कामे वाटली गेली आहेत. ढोबळमानाने, कोण वा काय हे सांगायला ‘सेर’. कुठे वा कोणत्या स्थितीत हे सांगायला ‘एस्तार’. हे दुसरे लॅटिनमधील ‘उभे राहणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आले. गंमत अशी, की माणूस मृत आहे हे सांगतानाही स्पॅनिशला हे ‘उभे’ क्रियापदच लागते!

लेआंद्रो फेर्नांदेस दे मोरातीन याने १७९८ मध्ये ‘हॅम्लेट’चे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने दोन्ही बाजूला सारून ‘एक्सिस्तीर’, म्हणजे ‘अस्तित्वात असणे’, निवडले. त्याआधीचे, रामोन दे ला क्रूसचे १७७२ मधील रूपांतर द्युसीच्या फ्रेंच नाटकावरून झाले होते. मोरातीन थेट इंग्रजीकडे गेला. शेक्सपिअरचे दोष टिपांमधून दाखवून देणारा हा अभिजाततावादी. त्याला सुस्पष्ट शब्द हवा असणार, हे आम्हाला स्वाभाविक वाटते.

प्रश्न निव्वळ जगण्यामरण्याचा असेल, तर ‘एक्सिस्तीर’ नेमके आहे. पण आमच्या मते राजपुत्र कोण ठरणार, हेही तेथे टांगणीला लागले आहे. ‘सेर’ला एरवी पूरक शब्द लागतो, तो नसला की वाक्य अधांतरी राहते. मूळ इंग्रजी क्रियापदही तेथे तसेच अधांतरी सोडलेले आहे. पुढे स्पॅनिशमध्ये रुळले ते ‘सेर’च.