मोडक्या बाहुलीची भीती

पुण्याहून नगरकडे जाताना पारनेर तालुक्यातले सुपा लागते. औद्योगिक वसाहतीमुळे येथे मालट्रकांची वर्दळ रात्रंदिवस चालू असते. टपरीवर चहा घेत समोरच्या गाड्या न्याहाळल्या, तर कित्येकींच्या पुढच्या बाजूला लिंबू-मिरचीच्या शेजारी एक काळी बाहुली लोंबकळताना दिसते. नव्या बांधकामावरही ती असतेच. गाडी हिंदूची असो वा मुसलमानाची, बाहुली तीच. नजर लागण्याच्या भीतीला धर्माची हद्द नाही.

ही बाहुली आपण घरातल्या मुलीला खेळायला देणार नाही. म्हणजे खेळण्याच्या वस्तूत थोडासा बदल केला, रंग काळा केला, सुई टोचली किंवा उलटी टांगली, की तिच्याकडे पाहून मोठा माणूसही दचकतो. असे का होते आणि या दचकण्याचा उपयोग कोणी कसा केला, हा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. हजरत आयेशा (रजि.) लहानपणी मैत्रिणींसह बाहुल्यांशी खेळत. प्रेषित (स.) घरात आले की मैत्रिणी लाजून लपत आणि प्रेषित (स.) त्यांना पुन्हा खेळायला पाठवीत, असे बुखारीच्या हदीससंग्रहात नमूद आहे. अबू दाऊदच्या संग्रहात त्यांच्या पंख असलेल्या चिंध्यांच्या घोड्याचा प्रसंग आहे. घोड्याला कुठे पंख असतात, असे विचारल्यावर त्यांनी हजरत सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांचा दाखला दिला आणि प्रेषित (स.) मनापासून हसले. दुसऱ्या एका हदीसमध्ये घरातील प्रतिमेचे शिर काढले की ती झाडासारखी होते, असा उल्लेख येतो. प्रतिमेत जीव आहे असे वाटायला लावणारी गोष्ट म्हणजे चेहरा, ही जाण त्यात आहे. याच विचारातून काही मुस्लिम घरांत चिंध्यांची बाहुली नाक-डोळ्यांशिवाय शिवतात. 2014 मध्ये ब्रिटनमध्ये मुस्लिम मुलांसाठी चेहरा नसलेली बाहुली बाजारात आली, तेव्हा अनेकांना ती विचित्र वाटली. मुलांना मात्र चेहऱ्यावाचून अडत नाही. त्यांच्या कल्पनेत तो असतोच.

आता युरोपकडे वळू. पहिल्या महायुद्धाने लाखो तरुणांचे हातपाय तोडले आणि बर्लिनच्या रस्त्यांवर लाकडी पायांचे सैनिक भीक मागताना दिसू लागले. त्या शहरात हाना होख ही चित्रकर्ती एका प्रकाशनसंस्थेत भरतकाम-विणकामाचे नमुने आखण्याची नोकरी करीत होती. तिने कापड, मणी, पुठ्ठा यांच्या विक्षिप्त बाहुल्या बनवल्या आणि 1920 च्या बर्लिनमधील पहिल्या आंतरराष्ट्रीय दादा प्रदर्शनात त्या मांडल्या. बायकांचे म्हणून हिणवलेले शिवणकाम तिने कलेत आणले. नाझी राजवटीत तिने देश सोडला नाही. आपल्या आणि मित्रांच्या कलाकृती शहराबाहेरच्या घरात लपवून वाचवल्या.

याच शहरात हान्स बेलमर हा 1902 मध्ये जन्मलेला कलावंत जाहिरातीचे काम करीत असे. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर येताच, या राज्याच्या उपयोगी पडेल असे कोणतेही काम करणार नाही, असे त्याने ठरवले. भावाच्या मदतीने त्याने लाकूड, धातू आणि प्लॅस्टरची एक मोठी बाहुली बनवली. तिचे अवयव सुटे होत आणि भलत्याच जागी बसवता येत. 1934 मध्ये तिची दहा छायाचित्रे त्याने एका छोट्या पुस्तकात छापली. त्याच वर्षी पॅरिसच्या अतिवास्तववादी मंडळींनी ती उचलून धरली. पुढच्या वर्षी गोलाकार सांध्यांची दुसरी बाहुली आली.

बाहेर नाझी प्रचार निरोगी, शुद्ध, पिळदार आर्य शरीराचे गोडवे गात होता. 1937 मध्ये म्युनिकला अशा शरीरांच्या पुतळ्यांचे भव्य प्रदर्शन भरले आणि दुसऱ्याच दिवशी शेजारी ‘अधःपतित’ ठरवलेल्या कलेचे दुसरे, टिंगल करण्यासाठी. अशा काळात विस्कटलेली बाहुली म्हणजे त्या ‘शुद्ध’ शरीराला दिलेला नकार होता. बेलमर 1938 मध्ये पॅरिसला गेला. पण युद्ध सुरू होताच जर्मन म्हणून फ्रेंचांनी त्यालाच दक्षिणेतील ले मिल येथे, एका वीटकारखान्यात नजरकैदेत ठेवले.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. सत्तेचा निषेध करायचा होता, तर मोडायला मुलीचेच शरीर का? स्त्री-अभ्यासकांनी हा आक्षेप घेतला आहे आणि मला तो रास्त वाटतो. पुरुषांच्या भांडणात स्त्रीच्या शरीराची विटंबना व्हावी, हे आपण दंगलींत पाहिले आहे. होखच्या बाहुल्यांसमोर हा प्रश्न पडत नाही. त्यांत थट्टा आहे, जुलूम नाही.

मेक्सिकोत सोचिमिल्कोच्या कालव्यांत एक बेट आहे. डॉन हुलियान सांताना बारेरा नावाच्या माणसाने तेथे टाकून दिलेल्या, हातपाय तुटलेल्या बाहुल्या झाडांना टांगल्या. बुडून मेलेल्या एका मुलीच्या आत्म्यासाठी तो हे करीत असे, अशी कथा सांगतात. तो 2001 मध्ये वारला. आज पर्यटक भीती अनुभवायला तेथे जातात. पण बाहुल्या टांगणाऱ्याच्या मनात बहुधा दुःखच असावे.

आपल्याकडच्या बाहुलीची गोष्ट वेगळी आहे. शेताच्या बांधावर सुया टोचलेली बाहुली सापडली की करणीची कुजबुज सुरू होते आणि बोट जाते ते एखाद्या विधवेकडे, एकट्या म्हातारीकडे. मग मांत्रिक येतो, बाबा येतो, तावीज विकणारा आपलाही कोणी येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या व्यवहाराविरुद्ध कायद्यासाठी अनेक वर्षे झगडा केला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्या डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे मुश्किल करणे आता गुन्हा आहे.

होखची बाहुली पाहून माणूस अस्वस्थ होतो आणि युद्धाविषयी, सत्तेविषयी विचार करू लागतो. बांधावरची बाहुली पाहून तो विचार करणे थांबवतो आणि शेजारणीवर संशय घेतो. दोन्हीकडे चिंध्या त्याच आहेत. अल्लाहखेरीज कोणाचे भय बाळगू नये, असे आपण मानतो. मग दोरा गुंडाळलेल्या त्या चिंधीचे भय आपल्या गाडीवर आणि आपल्या दारावर का टांगलेले असावे? ती खाली उतरवून, सुया काढून, एखाद्या मुलीच्या हाती देता आली, तर मला वाटते, ती पुन्हा बाहुली होईल.