वादातून सुटलेले शब्द

इंग्रजी अग्रलेखात 'बेग्ज द क्वेश्चन' हे शब्द आले की त्यांच्यामागोमाग बहुधा एक प्रश्न येतो: मग सरकार इतके दिवस गप्प का बसले? लिहिणाऱ्याला म्हणायचे असते, यातून असा प्रश्न उभा राहतो. हा अर्थ आता शब्दकोशांनीही नोंदवला आहे. तर्कशास्त्राच्या वर्गात मात्र हेच शब्द एका दोषाचे नाव आहेत. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरायचे, हा तो दोष.

त्याचा उगम ग्रीसमधला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये वादविवादाचा एक नियमबद्ध प्रकार रूढ होता. एकाने एखादे मत धरून ठेवायचे, दुसऱ्याने 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारत त्याला त्याच्याच उत्तरांत अडकवायचे. जो मुद्दा वादात आहे तोच कबूल करून मागितला, तर वाद करण्याचे कारणच उरत नाही. म्हणून ते नियमबाह्य. अ‍ॅरिस्टॉटलने 'टॉपिक्स'च्या आठव्या भागात या लबाडीचे पाच प्रकार सांगितले. तिच्या ग्रीक नावाचा अर्थ 'सुरुवातीचीच गोष्ट मागणे' असा होता, आणि ते मागणे शब्दशः खरे होते: होकार देणारा माणूस समोर बसलेला असे.

आपल्याकडे न्यायसूत्रांतला 'साध्यसम' हेत्वाभास याच्या जवळचा आहे. त्यातही पुरावा म्हणून दिलेला हेतू साध्याइतकाच असिद्ध असतो.

लॅटिनमध्ये हे नाव 'पेतितिओ प्रिन्किपिई' झाले आणि मध्ययुगीन विद्यापीठांच्या वादसभांत रुळले. इंग्रजी रूपाचा ऑक्सफर्ड शब्दकोशातला सर्वांत जुना दाखला १५८१चा. त्याच वर्षी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असलेल्या एडमंड कॅम्पियन या जेझुइट धर्मगुरूशी प्रॉटेस्टंट पंडितांनी जाहीर वाद घातले होते; डिसेंबरात त्याला देहदंड झाला. हे शब्द अशाच धर्मवादांच्या काळातले. 'क्वेश्चन' म्हणजे तेव्हा वादाला घेतलेला विषय, आणि तो 'बेग' करणे म्हणजे सिद्ध करण्याचे कष्ट टाळून फुकट मागून घेणे.

पुढे वादसभा ओसरल्या, शब्द तेवढे मागे राहिले. १९२६ साली इंग्रजी कोशकार फाउलरने आपल्या भाषाकोशात त्यांचा जुना अर्थ समजावताना एक झकास उदाहरण दिले: कोल्ह्याची शिकार क्रूर नाही, कारण कोल्ह्यालाही त्यात मजा येते. समजावण्याची पाळी आली होती, यातच सारे आले. वादसभा न पाहिलेल्या वाचकाला 'क्वेश्चन' म्हणजे साधा प्रश्न आणि 'बेग' म्हणजे गयावया, असेच वाटणार. मग 'अमुक गोष्ट प्रश्न विचारा म्हणून विनवते आहे' हा अर्थ त्याला सरळच सुचतो. नव्या अर्थाला निव्वळ अडाणीपणा म्हणणे म्हणून अन्यायाचे ठरेल.

लिहिताना खूण सोपी आहे. जुन्या अर्थासाठी वाक्यात कोणाचा तरी युक्तिवाद हवा आणि या शब्दांवर वाक्य संपायला हवे: 'हिज आर्ग्युमेंट बेग्ज द क्वेश्चन.' पुढे 'व्हाय' किंवा 'हाउ' आला की अर्थ बदलला. नव्या अर्थाने लिहिले तर चोखंदळ वाचक नाक मुरडतो, जुन्या अर्थाने लिहिले तर इतरांना ते कळत नाही. नुसता प्रश्नच उभा करायचा असेल, तर 'रेझेस द क्वेश्चन' लिहावे. त्यावर कोणाचाच आक्षेप नाही. आणि युक्तिवादातला दोष दाखवायचा असेल, तर कोणती गोष्ट न सिद्ध करता गृहीत धरली, ते सरळ सांगावे. दोषाचे नुसते नाव घेऊन थांबण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक.