मीठ आणि सही : १८७५ च्या बडोदे चौकशीतले दोन दिवाण

आपल्या मंडळात मल्हारराव गायकवाडांचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेनं जाते. उधळपट्टी, सोन्याच्या तोफा, रयतेचे हाल, आणि शेवटी ‘पण विष त्यांनीच घालायला लावलं का?’ हा प्रश्न. त्याचं उत्तर मी आज देणार नाही. मी सारा जन्म कारकुनीत घालवला. त्यामुळे असेल, पण या प्रकरणात माझं लक्ष राजापेक्षा नोकरी करणाऱ्या माणसांकडेच जास्त जातं.

हकीगत थोडक्यात सांगतो. खंडेरावांच्या निधनानंतर १८७० मध्ये मल्हारराव गादीवर आले. कारभाराबद्दल तक्रारी वाढल्या, म्हणून १८७३ मध्ये सरकारनं कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी केली. रेसिडेंट कर्नल फेअर आणि महाराज यांचं तर मुळीच पटत नव्हतं. २ नोव्हेंबर १८७४ ला महाराजांनी व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांना खलिता पाठवून फेअर यांची बदली मागितली. पुढे आठवड्याभरातच, ९ नोव्हेंबरला, सकाळी फिरून आल्यावर फेअर पपनसाचं सरबत प्यायले. दोन घोट घेतले, चव बरी वाटली नाही, उरलेलं फेकलं, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी तपासलं, त्यात सोमल निघाला. हिऱ्याची पूडही असल्याचं पुढे सांगण्यात आलं.

या काळात दिवाण होते दादाभाई नवरोजी. विलायतेत नाव कमावलेला, हिशेबाला चोख माणूस. अशा माणसानं या दरबारात का यावं? चांगल्या माणसांनी बाहेर राहून नावं ठेवायची की आत जाऊन हात घालायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे असणारच. ते आत गेले. बाळ मंगेश वागळे, होरमसजी वाडिया, काझी शहाबुद्दीन अशी तयारीची माणसं सोबत आणली. मग दोन्हीकडून मार सुरू झाला. रेसिडेंटला त्यांची नेमणूकच मान्य नव्हती, आणि जुन्या दरबारी मंडळींना त्यांची शिस्त नको होती. रेसिडेंटपुढे धन्याची बाजू मांडायची आणि वाड्यात त्याच धन्याला आवरायचं, अशी ही नोकरी. जानेवारी १८७५ मध्ये दादाभाईंनी काम सोडलं. त्याच महिन्यात मल्हाररावांना अटक झाली.

खाल्ल्या मिठाला जागावं असं आपण सहज म्हणतो. पण दिवाण मीठ खातो ते राजाचं की रयतेचं? पगार निघतो महाराजांच्या खजिन्यातून आणि खजिना भरतो शेतसाऱ्यातून. दादाभाई जाईपर्यंत राजाच्या बाजूनं लढले आणि सुधारणा जमेनात तेव्हा खुर्ची सोडली. मला यात दोन्ही मिठांना जागणं दिसतं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

दुसरे दिवाण आपल्या ग्वाल्हेरकर सभासदांच्या जवळचे. सर दिनकरराव राजवाडे, मूळचे देवरुखचे. १८५२ ते १८५९ ते शिंद्यांचे दिवाण होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांनी आणि जयाजीरावांनी इंग्रजांची बाजू सोडली नाही. त्याबद्दल सरकारनं दिनकररावांना काशीकडे जमीन दिली, पुढे व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात बसवलं, ‘सर’ केलं. जयाजीरावांशी मात्र बिनसलं आणि दिवाणगिरी गेली.

मल्हाररावांवरच्या आरोपाच्या चौकशीसाठी सरकारनं सहा जणांचं कमिशन नेमलं. तीन इंग्रज : बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, तेच कर्नल मीड, आणि मेलव्हिल. तीन हिंदी : जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग, आणि सर दिनकरराव. म्हणजे सोळा वर्षांपूर्वी दुरावलेले धनी आणि दिवाण पुन्हा एका मेजाशी, आणि समोर मीड. १८५९ मध्ये तात्या टोप्यांना पकडणारे ते हेच मीड. कारभाराची चौकशी ज्यांनी केली तेच आता विषाच्या चौकशीतही होते. आजच्या कुठल्याही कचेरीत यावर निदान हरकत तरी नोंदवली गेली असती.

फेब्रुवारी-मार्च १८७५ मध्ये कॅम्पात काम चाललं. महाराजांच्या बाजूनं सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील थेट लंडनहून आले होते. सरकारची सगळी भिस्त नोकरांच्या जबान्यांवर होती. रेसिडेन्सीतला रावजी हवालदार, नरसू जमादार, आया, आणि महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत. रावजी आणि दामोदरपंत दोघेही माफीच्या वचनावर बोलले. बॅलंटाइन यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं : जीव वाचवण्यासाठी बोलणाऱ्याच्या शब्दावर राजाला दोषी कसं ठरवायचं?

निकाल तीन विरुद्ध तीन लागला. तिन्ही इंग्रजांनी आरोप सिद्ध झाल्याचं लिहिलं. तिन्ही हिंदी सभासदांचं म्हणणं पडलं की विष घालवल्याचा आरोप सिद्ध होत नाही.

आता यांचं काय पणाला लागलं होतं ते बघा. ग्वाल्हेरचा किल्ला १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. तो परत मिळावा ही जयाजीरावांची आस. तो मिळाला १८८६ मध्ये, त्यांच्या अखेरच्या वर्षात. दिनकररावांची जमीन, पदवी, कौन्सिल, सगळं सरकारनं दिलेलं. सरकारला काय हवंय ते दोघांनाही कळत होतं. कोणी म्हणेल, राजे राजांना सांभाळून घेतात. जयाजीराव-रामसिंगांबद्दल तसं म्हणता येईलही. पण दिनकरराव राजे नव्हते, नोकरीपेशातले होते. आणि मल्हाररावांचा कारभार वाईट होता हे त्यांच्यासारख्या मुरलेल्या कारभाऱ्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. माणूस कसा आहे आणि त्याच्यावरचा हा आरोप सिद्ध झाला का, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे ठेवले.

सरकारनं पुढे जे करायचं ते केलंच. एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केलं आणि मद्रासला पाठवलं. १८८२ मध्ये ते तिथेच वारले. मेमध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक सयाजीराव आले आणि त्यांच्या राज्याचं भाग्य आपण सगळे आजवर सांगतो. म्हणजे त्या तीन सह्यांनी मल्हाररावांची गादी वाचली नाही. पण पदच्युतीच्या जाहीरनाम्यात सरकारला विषाच्या आरोपाचा आधार घेता आला नाही. दुसरं कारण पुढे करावं लागलं. त्या सह्यांचं काम तेवढंच, आणि ते मला थोडं वाटत नाही.

थोडं का वाटत नाही, तेही सांगतो. नोकरीत असताना एकदा मला तिघांच्या चौकशी समितीत घेतलं होतं. स्टोअरमधला माल कमी भरला होता आणि संशय तिथल्या कारकुनावर. तो पिणारा, उधारीत बुडालेला, कोणाशी धड न बोलणारा. कागदांत त्याच्याविरुद्ध एकही पक्की नोंद नव्हती. किल्ली तिघांकडे असायची. साहेब म्हणाले, “अहो, माणूस कसा आहे ते सगळ्यांना ठाऊकच आहे ना?” ठाऊक होतं. दोन सह्या झालेल्या होत्या, माझी बढती तोंडावर होती. ‘आरोप सिद्ध’ या शब्दांखाली मी सही केली. त्याची नोकरी गेली. माल त्यानं नेला की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. तेव्हाही सांगू शकत नव्हतो, आणि नेमकं तेच कागदावर लिहायला हवं होतं.

आपण इतिहास लिहिताना राजे आणि रेसिडेंट यांच्यावरच थांबतो. कारकून, जमादार, आया यांनी त्या दिवसांत काय सोसलं, कशाच्या भीतीनं काय सांगितलं, ते सरकारी कागदांत फक्त जबानी म्हणून उरतं. दांडिया बाजारातल्या, लष्करातल्या जुन्या घरांत कोणाच्या माळ्यावर त्या काळची पत्रं किंवा रोजकीर्दी पडून असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा मंडळात आणून दाखवाव्यात, ही विनंती. मोडी वाचायला आपल्याकडे माणसं आहेत.