तंबूंची वस्ती ते पाबळ

कार्यानुभवाच्या तासाला आपण खडू आणि मेणबत्त्या करायचो, आठवतंय? त्या विषयाला गुण नव्हते, नुसती श्रेणी होती. त्यामुळे दहावी जवळ आली की तो तास गणिताला जायचा, आणि त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नसे. हाताने करायचं ते कमी महत्त्वाचं, हे आपण न शिकवता शिकलो. पुढे इंजिनिअर होऊनही माझ्या मनातून ते गेलं नव्हतं. ज्या इतिहासामुळे ते थोडंफार गेलं, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगते.

अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी (आपली पुण्याची नव्हे), सगळ्यांना ठाऊक असते ती यंत्रं आणि संगणकांसाठी. पण अमेरिकेत विद्यापीठीय पातळीवर वास्तुकलेचं शिक्षण पहिल्यांदा सुरू झालं तेही तिथेच, १८६८ मध्ये. पुढे नगरनियोजनाची जोड मिळून तिथे ‘स्कूल ऑफ आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ उभं राहिलं. नकाशे काढणाऱ्यांचं हे विद्यालय. त्या नकाशांत ज्यांची घरं येतात त्यांचं काय, हा प्रश्न मात्र रस्त्यावरून आत आला.

चार्ल्स नदीच्या एका काठाला एमआयटी आणि पलीकडे बोस्टनचा साउथ एंड. कृष्णवर्णीय, स्थलांतरित, कष्टकरी माणसांचा हा भाग. साठच्या दशकात ‘पुनर्विकासा’च्या नावाखाली तिथली घरं पाडली जात होती. डार्टमथ स्ट्रीट आणि कोलंबस अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरची घरं पाडून तिथे मोटारी उभ्या राहू लागल्या. एप्रिल १९६८ मध्ये रहिवाशांनी त्याच जागेवर तंबू ठोकले. पोलिसांनी धरपकड केली, पण काही दिवस लोक तिथून हलले नाहीत. या आंदोलनाच्या पुढाऱ्यांत होते मेल किंग. साउथ एंडमध्येच जन्मलेले, गणित शिकलेले, काही काळ गणिताचे शिक्षक असलेले गृहस्थ.

पुढे एमआयटीने याच माणसाला नगरनियोजन शिकवायला बोलावलं. सत्तरच्या दशकापासून त्यांनी तिथे ‘कम्युनिटी फेलोज’ हा उपक्रम चालवला. देशभरातल्या वस्त्यांमध्ये काम करणारे कार्यकर्ते विद्यापीठात यायचे, आपापल्या भागातले प्रश्न घेऊन अभ्यास करायचे आणि परत जायचे. ते विद्यार्थी होतेच, शिवाय प्राध्यापकांना वस्ती म्हणजे काय हे सांगणारे तेच होते. कोण कुणाला शिकवतं, याचं उत्तर तिथे एकेरी राहिलं नाही. १९८३ मध्ये किंग बोस्टनच्या महापौरपदासाठी उभे राहिले आणि अंतिम लढतीपर्यंत पोचले. ते हरले. पण १९८८ मध्ये, तंबू ठोकल्यानंतर वीस वर्षांनी, त्याच कोपऱ्यावर २६९ घरांची वसाहत उभी राहिली. कमी, मध्यम आणि चांगल्या उत्पन्नाची कुटुंबं एकाच आवारात. नाव ठेवलं ‘टेंट सिटी’, म्हणजे तंबूंची वस्ती.

किंग यांनी त्याच वसाहतीत लोकांसाठी तंत्रज्ञान केंद्र सुरू केलं. इथे ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांकडे वळते.

एमआयटीची प्रसिद्ध ‘मीडिया लॅब’ याच वास्तुकला-नियोजन विद्यालयाचा भाग आहे. तिथले प्राध्यापक नील गेर्शनफेल्ड १९९८ पासून ‘जवळजवळ काहीही कसं बनवावं’ या नावाचा वर्ग घेत. तिथली यंत्रं वापरून सामान्य माणूस स्वतःच्या गरजेची वस्तू बनवू शकेल का, या विचारातून ‘फॅब लॅब’ची कल्पना निघाली. अमेरिकेत ती वसली किंग यांच्या केंद्रात. मोठी मुलं तिथे शिकतात आणि मग लहानांना शिकवतात. पण एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब कुठे सुरू झाली? २००२ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला!

ती पाबळला आली, कारण तिथे जमीन आधीच तयार होती. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला होता. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम करत शिकत, आणि ते काम गावाच्या खऱ्या उपयोगाचं असे. त्यामुळे नवी यंत्रं आल्यावर ‘यांचं करायचं काय’ असा प्रश्न पडला नाही. दुधाची तपासणी, डिझेल इंजिनाची जुळणी, असे गावचे प्रश्न आधीच रांगेत उभे होते.

मला या इतिहासातून एवढंच कळलं, की बोस्टनमध्ये काय किंवा पाबळमध्ये काय, यंत्रं शेवटी आली. आधी कुणीतरी तिथे जाऊन राहिलं होतं, लोकांचं ऐकलं होतं.

मेळाव्यात शाळेला काय भेट द्यायची यावर आपली चर्चा चालू आहे. मीच उत्साहाने संगणकांची यादी ग्रुपवर टाकली होती. किंमतींसकट. ती करताना शाळेत एक फोनही केला नव्हता, हे हा लेख लिहिताना लक्षात आलं. तेव्हा माझी विनंती अशी: यादी तूर्त बाजूला ठेवू. आपल्यातले चार-पाच जण एक दिवस शाळेत जाऊन बसू. आताच्या मुलांना, बाईंना, सरांना, शिपाईमामांना विचारू, की तुमचं अडतं कुठे? उत्तर संगणक असेल तर संगणक देऊ. नळ असेल तर नळ.

आणि कार्यानुभवाचा तास अजून असेल, तर त्या दिवशी तो मी घेईन. मेणबत्ती मला अजून करता येते का, ते मात्र मुलांनाच सांगावं लागेल.