रक्तप्रपाताचें कोडें



दक्षिण ध्रुवखंडाविषयीं आम्ही शाळामास्तर वर्षानुवर्षें एकच सांगत आलों : किनाऱ्यावर सील व पेंग्विन, आणि आंत केवळ बर्फ. माझ्याही तोंडून हें वाक्य शेंकडों मुलांनीं ऐकलें आहे. त्या 'केवळ बर्फा'ची ही हकीकत.

इ. स. १९०३ च्या डिसेंबरांत कॅप्टन स्कॉट पश्चिमेकडील पर्वतांतून परततांना एका बर्फरहित दरींत उतरला. वाळू, धोंडे आणि एका सीलचा सांगाडा, याहून तेथें त्याला विशेष कांहीं दिसलें नाहीं. पुढें त्याच्याच दुसऱ्या मोहिमेंतील ग्रिफिथ टेलर हा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ १९११ सालीं त्या दरींत गेला. तेथें बॉनी सरोवराच्या कांठीं, हिमनदीच्या मुखावरून, तांबडा लोट उतरलेला त्यानें पाहिला. जणूं हिमनदीला जखमच झाली होती. हा रंग तांबड्या शेवाळाचा असावा, असा त्यानें तर्क केला. तर्क वेडगळ नव्हता. आल्प्स पर्वतावर शेवाळानें तांबडें झालेलें बर्फ लोकांना ठाऊक होतेंच. पण तो चुकला. रंग लोखंडाच्या गंजाचा निघाला. हिमनदीखालीं समुद्राच्या दुपटी-तिपटीनें खारट पाणी कोंडलेलें आहे. मिठामुळें तें शून्याखालीं ५ अंशांवरही गोठत नाहीं, आणि त्यांतील विरघळलेलें लोखंड बाहेरची हवा लागतांच गंजतें.

शेवाळ नाहीं म्हणजे जीवही नाहीं, असें मानलें असतें तर दुसरी चूक झाली असती. २००९ सालीं जिल मिकुकी ही विदुषी व तिचे सहकारी यांनीं या पाण्यांतील सूक्ष्मजंतूंचें वर्तन प्रसिद्ध केलें. सूर्यप्रकाश नाहीं, प्राणवायु नाहीं, अन्नाचा नवा पुरवठा नाहीं. तरी हे जीव प्राचीन समुद्राच्या शिदोरीवर, सुमारें १५ ते २० लक्ष वर्षें, नांदत आले आहेत. आपण प्राणवायूवर जें काम भागवितों, तें ते सल्फेटाच्या मध्यस्थीनें लोखंडाकडून करून घेतात. त्यांच्याच या उद्योगानें खडकांतील लोखंड पाण्यांत उतरतें. तेव्हां टेलरचा तर्क चुकला खरा, तरी त्या तांबड्या रंगामागें जीवांचा हात होताच!

परंतु अशा पाण्याला हात लावावा कसा? २०१२ च्या फेब्रुवारींत रशियन शास्त्रज्ञांनीं सुमारें ३,७७० मीटर बर्फ भेदून व्होस्टोक सरोवर गांठलें. भोंक बुजूं नये म्हणून त्यांत घासलेट भरलेलें होतें. त्यामुळें नमुन्यांत सांपडलेले जंतु सरोवराचे कीं घासलेटाबरोबर गेलेले, हा वाद माजला. मला त्या कष्टाळू लोकांची कींव येते. इतकें खोल जाऊन साक्षच डागाळली. पुढल्या वर्षीं, जानेवारींत, अमेरिकनांनीं व्हिलन्स सरोवरावरील सुमारें ८०० मीटर बर्फांत गाळलेलें, जंतुरहित केलेलें उष्ण पाणी सोडून भोंक पाडलें. वर आलेल्या पाण्याच्या एका मिलिलिटरांत १ लक्षाहून अधिक पेशी मोजल्या गेल्या.